साहेबांच्या खांद्यावरची चकती

प्राणिसंग्रहालयात त्यांना सगळे चौकशीबाई म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि बाई खुशाल ओ द्यायच्या. नाव ठेवलं होतं माळ्यानं. मुळाशी घातलेलं पाणी शेंड्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, असं बाईंनी एकदा त्याला विचारलं होतं आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला डबा उघडू दिला नव्हता. घरीही तीच गत. नवरा बसचालक. दिवसभर प्रवाशांची कटकट ऐकून बिचारा दारात पाय ठेवतो न ठेवतो, तोच बाई विचारणार, "अहो, बस वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत का जात नाही?"

"ते तू चाकालाच विचार," असं एकदा तो वैतागून म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाई खरोखरच डेपोत जाऊन आल्या.

बाई इथे लागल्या त्या खाद्यघरात मासे कापायला. रोज एवढे मासे खातं तरी कोण, हे पाहायला म्हणून एक दिवस टोपली उचलून निघाल्या, त्या ध्रुवीय अस्वलाच्या गजांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथल्या जुन्या रखवालदाराला त्यांनी प्रश्न विचारून विचारून इतकं भंडावलं, की निवृत्त होताना त्यानं शिट्टी आणि किल्ल्या त्यांच्याच हातात ठेवल्या. अस्वलाला सगळे साहेब म्हणत. उशिरा उठायचं, कुणाकडे मान वळवून बघायचं नाही, आणि जेवणाला जरा उशीर झाला की दार वाजवायचं. दुसरं काय म्हणणार? पण बाईंची शिट्टी वाजली की साहेब निमूट येऊन खांदा गजांना टेकवत. मग सुई टोचा, नखं बघा, दात मोजा. साहेब हूं की चूं करत नसत. पांढऱ्याशुभ्र केसांखाली कातडी मात्र काळी कुळकुळीत असते, हे बाईंनी असंच केस बाजूला सारून स्वतः पाहिलं होतं.

म्हणूनच ती चकती साहेबांच्या नशिबी आली.

काम तिघांच्या भागीदारीतलं होतं. अस्वलं वाचवणारी एक संस्था, गोंद बनवणारी एक कंपनी आणि हे प्राणिसंग्रहालय. तीन तिगाडा काम बिगाडा, असं माळी पहिल्याच दिवशी म्हणून मोकळा झाला. बाईंनी मात्र संस्थेच्या ताईंना कोपऱ्यात गाठलं आणि सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. तिकडे उत्तरेला समुद्रावरचा बर्फ लवकर वितळायला लागला आहे. पायाखालचा बर्फ गेला की अस्वलं किनाऱ्यावर येतात, उपाशी, कधी कधी थेट वस्तीच्या तोंडाशी. ती कुठून कुठे जातात हे कळलं, तर माणसांना आधी सावध करता येईल, आणि कुठला किनारा त्यांच्यासाठी राखून ठेवायचा हेही ठरवता येईल.

"मग गळ्यात पट्टा घाला की," बाई म्हणाल्या.

"नराची मान डोक्यापेक्षा जाड असते बाई. पट्टा टोपीसारखा निघून येतो. आणि पिल्लं वाढतात, त्यांना तो आवळतो." ताईंनी खिशातून एक लहानशी चकती काढली. "अस्वल कुठे आहे ते ही कळवत राहते. केसांना चिकटवायची. केस गळतील तेव्हा आपोआप पडेल. तोवर टिकली पाहिजे, बस."

टिकते का, ते साहेबांवर पाहायचं होतं. टिकली, की तसल्याच चकत्या रानातल्या अस्वलांना लावणार. त्यांना आधी बेशुद्ध करावं लागतं, त्यात जिवाला थोडा धोका असतोच. म्हणून इथली परीक्षा चोख हवी होती.

चकती लागली. आठवडे गेले. ती जागची हलली नाही. गोंदवाला इंजिनिअर भेटेल त्याला हात मिळवू लागला. संचालकांनी फाटकावर यशाचा फलक लावला. सगळीकडे आनंदीआनंद, फक्त बाईंच्या डोक्यात भुंगा: साहेब खाजवत का नाहीत? केसात काडी अडकली तरी दगडाला अंग घासून हैराण होणारं जनावर, आणि अंगावर एवढी चकती असून ढिम्म?

एका सकाळी उत्तर मिळालं. साहेबांनी पंजा उचलला, खांद्याकडे नेला. मग बाईंकडे पाहिलं. पंजा खाली ठेवला आणि माशांच्या बादलीकडे नजर लावली.

पहिल्या दिवसापासून आपण काय करत होतो ते बाईंना लख्ख दिसलं. साहेबांनी मान खांद्याकडे वळवली की त्या "अंहं" म्हणायच्या. मान सरळ केली की शिट्टी आणि मासा. मुद्दाम नव्हे. चकती निघाली तर पुन्हा सगळा खटाटोप, म्हणून काळजीनं. चकती गोंदानं टिकलीच नव्हती. बाईंच्या शब्दाखातर टिकली होती.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं.

"मग त्यात वाईट काय?" तो म्हणाला. "आपली लेक माझं एवढं ऐकत नाही."

"अहो, पण तिकडे बर्फावर त्यांना अंहं कोण म्हणणार?"

नवऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला. "सांगितलंस तर तुला तिथून हलवतील."

"हलवतील."

"साहेबांचं वय झालंय गं. किती दिवस उरलेत त्यांचे?"

बाईंना ते ठाऊक होतं, म्हणूनच तर घास उतरत नव्हता. साहेब गेल्यावर कळलं, की शेवटच्या दिवसांत आपण भलत्याच जनावराला सांभाळत होतो, तर? पण गप्प बसायचं, आणि तिकडे कुणा अस्वलाला उगाच बेशुद्ध करायचं, आणि चकती चार दिवसांत पाण्यात? तेही गळ्याखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बैठकीत सांगून टाकलं. गोंदवाल्याचा चेहरा पडला. संचालकांना आपला फलक आठवला असावा. ताई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हणजे बाई, तुम्हालाच लांब राहावं लागेल. नुसतं नजरेआड नाही, वासाच्याही आड."

बाईंची बदली पार दुसऱ्या टोकाला, कासवांकडे झाली. येण्याजाण्याचं फाटकही मागचं. कासवांना काही विचारावं तर उत्तर यायला आठवडा लागतो, असं त्या घरी सांगत. पण हसत नसत. साहेबांकडे एक नवा रखवालदार आला. त्याला सक्त ताकीद होती: मासे टाकायचे आणि निघून जायचं.

थोड्याच दिवसांत निरोप आला. चकती निघाली.

कार्यालयात सगळे पिंजऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या पडद्याभोवती जमले होते. साहेब दगडाला खांदा घासत होते, दातांनी केस उपटत होते, आणि शेवटी चकती तोंडात धरून त्यांनी तिचे तुकडे केले. गोंदवाला पुन्हा पुन्हा तेवढंच बघत होता. कुठून सुटली, कशी सुटली, आता काय बदलायचं, ते तो ताईंना सांगत होता. कंपनी माघार घेणार नव्हती, नवी चकती करणार होती. तिगाडा शाबूत राहिला.

"जरा मागे घ्या," बाई म्हणाल्या. "ह्याच्या आधीचं."

आधीचं कुणी पाहिलंच नव्हतं. साहेब नेहमीच्या वेळी गजांपाशी आले होते. खांदा टेकवून बसले होते. मासे पडले, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. दुपार झाली, सावल्या फिरल्या, तरी खांदा तिथेच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते उठले, मासे खाल्ले, आणि दगडाकडे गेले.

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. कुणीतरी पडदा बंद केला.

"नवी चकती यायला वेळ आहे," ताई हळूच म्हणाल्या. "तोवर तुम्ही जाऊन भेटायला काहीच हरकत नाही, बाई."

बाई जागच्या उठल्या. दारापर्यंत गेल्यासुद्धा. तिथेच उभ्या राहिल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "दोन दिवस वाट बघून तो आत्ता कुठे अस्वल झालाय." पदरानं तोंड पुसून त्या नव्या रखवालदाराकडे वळल्या. "पण काय रे, रोज तो काय करतो ते मला सांगायचं. उठतो कधी, बसतो कुठे, बघतो कुणीकडे. सगळं."