मावशीनं बघून दिलेली खोली

बिऱ्हाडमावशी जागा बघायला आली, की मालक बोलत राही आणि मावशी थेट आत जाऊन चुलीपाशी बसे. मालकानं दिवाणखान्याचं लाकूड कुठल्या रानातून आणलं ते रंगवून सांगावं, तर आतून हिचा आवाज यायचा, "अहो, धूर कुठून जातो ते सांगा आधी. लाकूड आम्हांला खायचं नाहीये." मालक गप्प! पुण्यात घरमालकाला गप्प करणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

नाव तिचं गोदावरी, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, अंगावर तांबडं आलवण, आणि पोटासाठी सोवळ्यातला स्वयंपाक. कुणाकडे श्राद्ध, कुणाकडे मुंज, कुणाकडे अनुष्ठान. जिथं चूल, तिथंच रात्री कोपऱ्यात पथारी. त्यामुळे नारायण पेठेपासून कसब्यापर्यंत कुठलं घर आतून कसं आहे, हे तिला पाठ. घाट चढून दफ्तरात चिकटायला आलेला कारकून असो की पाठशाळेतला विद्यार्थी, त्याला कुणीतरी सांगायचंच, "आधी बिऱ्हाडमावशीला भेट." त्या बदल्यात ती कुणाकडून काही घेत नसे. फुकटची उठाठेव म्हणा, नाहीतर हौस म्हणा.

तिची शास्त्रं ठरलेली होती. भिंतीला तळहात लावायचा. "गार लागली की समजावं ओल आहे. मालक म्हणेल, थंडावा आहे." हौद किती लांब, ते रिकाम्या हातानं चालून ठरवायचं नाही, भरली घागर कमरेवर घेऊन ठरवायचं. शेजारचं छप्पर गवताचं असेल, तर आपल्या कौलांचा तोरा मिरवू नये, कारण आग विचारून येत नाही. आणि आधीचं बिऱ्हाड का गेलं, हे मालकाला कधी विचारायचं नाही, समोरच्या घरातल्या बाईला विचारायचं. "मालक म्हणतो, त्यांना गावी जावं लागलं. समोरची म्हणते, पळाले." हे सगळं ती इतक्या गंभीरपणे सांगायची, की हसायची चोरी.

आम्ही कोकणातून नवे आलो तेव्हा आम्हांलाही तिनंच जागा बघून दिली. बापूभटांच्या घरी ती वरचेवर स्वयंपाकाला असे, तिथली मागची खोली. कोरडी, हवेशीर, परसात विहीर. ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि त्याच्याही पलीकडे ही खोली. परसाचं मागचं दार बापूभटांनी चोरांच्या भीतीनं चिणून टाकलं होतं. दुपारी आम्ही खोली पाहायला गेलो, सगळी दारं सताड उघडी, मालकीणकाकूंनी गूळपाणी दिलं. मावशीनं भिंतीला हात लावला, मान डोलावली, आणि आम्ही बाडबिस्तरा आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन निघाले, तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मालकीणकाकू उभ्या.

"कुठं निघालात?"

"हौदावर. विहिरीवर तुमचं सोवळ्याचं भरणं चाललंय ना. आणि मग मंडईत जरा."

"आत्ता नाही. सोवळ्यातला स्वयंपाक चालू आहे, इथून जाता यायचं नाही. नैवेद्य होऊ दे."

"नैवेद्य कधी होतो?"

"देवाला भूक लागली की."

अहो, पुढच्या दिवशी मी डोक्यावरून पाणी घेऊन, ओल्या लुगड्यानं कुडकुडत उंबऱ्याशी गेले. म्हटलं, आता मीही सोवळ्यात आहे, आता काय म्हणाल? काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बिऱ्हाडकरूंचं सोवळं आमच्यात चालत नाही," म्हणाल्या, आणि पुन्हा फुलं निवडायला लागल्या. चुलीपुढं पळी हातात घेऊन मावशी बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा असा पडला, की मला माझ्या ओल्या लुगड्याचाही विसर पडला.

संध्याकाळी ती खोलीत आली. मी रागानं धुमसत होते. म्हटलं, "मावशी, धुराची वाट विचारलीत, माणसाची विचारायची राहिली!" ती खाली मान घालून म्हणाली, "अगं, सकाळची मी नेहमी सोवळ्यात. मला कुणी कुठं अडवतच नाही. या घरातून मी शंभरदा आतबाहेर केलं असेल, पण कुणासाठी इथली वाट बंद होते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही." दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, थापा मारतेय. पण तिचं ते खरंच होतं. सोवळ्यात असणाऱ्याला सगळी दारं उघडीच दिसणार.

तर असं आमचं बिऱ्हाड. आमचे 'हे' उजाडायच्या आत बाहेर पडत आणि दफ्तर उघडेपर्यंत ओंकारेश्वरावर बसून राहत. लोक म्हणत, काय भाविक माणूस आहे! भाविक कसला, घरातून हाकललेला. आणि मी? मी आत. गजांच्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसे, परसात गेलं तर ते चिणलेलं दार. कुणी दळायला सोबतीला येणार नाही, की मी कुणाच्या हळदीकुंकवाला जाणार नाही. वर आमच्या विहिरीचं पाणीसुद्धा काकूंचं सोवळ्याचं भरून झाल्यावर. दुपार टळून गेली की वाट मोकळी व्हायची. तोवर मी पिंजऱ्यातल्या मैनेसारखी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कधी कधी छातीत असं कोंडायचं, की मोठ्यानं ओरडावंसं वाटे.

त्यात मला दिवस गेले. माझी आई बाळंतपणातच गेली होती. गावच्या ओढ्याला पूर आला, सुईण पलीकडच्या काठावर, आणि आई अलीकडे. तेव्हापासून माझ्या मनात एकच भीती बसलेली: आपल्या वेळेलाही सुईण पोचणार नाही. इथं तर ओढाही नव्हता, नुसता एक उंबरा होता. सकाळी कळा सुरू झाल्या तर? मावशीनं एकदा काकूंपाशी हा विषय काढून पाहिला. काकू म्हणाल्या, "सकाळीच कशाला सुरू होतील? बायका संध्याकाळीही बाळंत होतात." कपाळ माझं!

मग मावशीनं माझ्यासाठी दुसरी जागा शोधायचा ध्यास घेतला. संध्याकाळी हातातलं आटोपलं की निघायची, पायाला भिंगरी लावल्यासारखी. पण तोंडावर श्रावण. श्रीमंत पेशव्यांच्या दक्षिणेसाठी गावोगावचे ब्राह्मण पुण्यात उतरलेले, धर्मशाळा भरल्या, देवळांच्या ओवऱ्या भरल्या. एखादी खोली असलीच, तर माझं पोट पाहून मालक म्हणे, "सुवेर आमच्या घरात नको. बाळंतीण होऊन या." आता बाळंतीण व्हायलाच जागा हवी होती ना! शेवटी रविवार पेठेत एक खोली निघाली. रस्त्यावर उघडणारं स्वतंत्र दार. पण तिथले पाहुणे श्रावण सरल्यावर जाणार होते. मावशी माझ्या पोटाकडे पाहून म्हणाली, "एवढं थांब गं बाई, राजा असशील की राणी." मी हसले. आत धाकधूक होतीच.

पोटातलं कशाला ऐकतंय! श्रावणी सोमवार, बापूभटांचं अनुष्ठान, ओटीवर ब्राह्मणांचा घोष चाललेला, हे केव्हाच बाहेर पडलेले, आणि मला पहिली कळ आली. मग दुसरी. मी भिंत धरत धरत उंबऱ्यापाशी आले आणि हाक मारली. मावशी चुलीवर पुरण घोटत होती. काकू म्हणाल्या, "जरा धीर धरा. पुरण झालं की नैवेद्यच दाखवायचा राहिला. मग बोलावू सुईणीला." मी तिथंच खाली बसले. ओढ्यापलीकडून सुईणीनं दिलेल्या हाका माझ्या आईलाही ऐकू आल्या असतील का, असं काहीतरी वेड्यासारखं मनात यायला लागलं. मी मरते आहे अशी माझी खात्रीच झाली.

मावशीनं पळी खाली ठेवली. उठली आणि त्याच सोवळ्यात माजघरातून, ओटीवरून, ब्राह्मणांच्या समोरून रस्त्यावर गेली.

परत आली ती गंगू सुईणीला घेऊन. गंगू बिबवेवाडीकडची, आता कसब्यात राहणारी. ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि तिथंच थबकली. "आवं, हितं तर सोवळं हाय. म्या कशी येऊ आत? मला जोडं खावं लागतील." मावशीनं तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे अगदी घट्ट, सगळ्यांदेखत. काकू किंचाळल्या, "अहो मावशी, नैवेद्य विटाळला! सगळा स्वयंपाक गेला!"

"पुन्हा करा," मावशी म्हणाली. "ही पुन्हा व्हायची नाही." आणि गंगूला ओढत चुलीवरून, पुरणावरून, देवाच्या ताटांवरून माझ्यापाशी घेऊन आली.

मुलगी झाली. आडवी आली होती, गंगू म्हणाली, अजून थोडा उशीर झाला असता तर दोघींचंही काही खरं नव्हतं. ओटीवरचा घोष कधी थांबला ते मला कळलंही नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत बोभाटा झाला. जिच्या सोवळ्यावर लोक डोळे मिटून विश्वास टाकत, तिनं भर अनुष्ठानात सुईणीचा हात धरून आणला! दुसऱ्या दिवसापासून तिला एकाही घरातून बोलावणं आलं नाही. ठरलेलं श्राद्धही दुसरीकडे गेलं. बापूभटांनी तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, तेव्हा ती माझ्याच खोलीत राहिली, दहाही दिवस, माझ्या सुवेरात. सकाळी ती वाट आता आम्हां दोघींनाही बंद.

मला वाटलं होतं, ती खंतावेल. तर ही बाई पोरीला मांडीवरून खाली ठेवायला तयार नाही! न्हाऊमाखू घाली, शेक देई, भलभलती गाणी म्हणे. एकदा पोर तिचं बोट धरून झोपलं होतं. ती हळूच म्हणाली, "मी निघाले की आया पोरांना मागं ओढतात गं. मावशी सोवळ्यात आहे, शिवू नकोस. नवरा गेला तेव्हापासून हेच. कुणाचं पोर असं अंगाला लागलं नव्हतं माझ्या." मी तोंड फिरवून घेतलं. त्या घरात कोंडलेली मीच एकटी, असं मी इतके दिवस समजत होते.

श्रावण सरला. रविवार पेठेतली खोली मिळाली, पण मालकानं अट घातली: तुम्ही या, ती बाई नको. आमच्या ह्यांनी कधी नव्हे ते आवाज चढवला, "मग खोलीच नको." मावशीनं त्यांना गप्प केलं, जसं मालकांना करायची तसंच. "वेडे आहात? स्वतंत्र दार पुण्यात पुन्हा मिळायचं नाही. वाईला माझा भाचा आहे. घाटावर चार लोकांचं पाणी भरीन, पडून राहीन." मी रडले, पाया पडले, शपथा घातल्या. काही उपयोग झाला नाही. त्यानंतर तिची माझी भेट नाही. वाईहून येणाऱ्यांना मी विचारत राहिले, पण नीट असं कुणालाच सांगता आलं नाही.

दक्षिणा घेऊन परतणाऱ्या वाईकरांबरोबर ती निघाली, ती आमच्या नव्या दारातूनच. बरोबरचे लोक रस्त्यावर खोळंबले होते, तरी हिचं पोरीला पोटाशी धरून उभं राहणं चालूच. शेवटी तिनं पोर माझ्या हातात दिलं. "घे हिला. भिजवलंन मला पुरतं."

मी घाईनं तिच्या गाठोड्यातलं दुसरं आलवण काढलं. म्हटलं, "लांबचा पल्ला आहे मावशी, बदलून जा."

"राहू दे," ती म्हणाली, "वाळेल चालता चालता." आणि त्या ओल्या आलवणानिशीच ती वाईच्या वाटेला लागली.