वारुळासारखं घर

आता मी कोणत्याच गिऱ्हाइकाला वारुळाचं उदाहरण देत नाही. "हवा खेळती राहील" एवढं म्हणतो आणि नकाशा गुंडाळतो. कंटाळा आला बोलण्याचा.

घाटंजीजवळच्या एका गावात घर बांधलं होतं. बांधून घेणारी बाई अंगणवाडीत कामाला. तिच्या सासऱ्यांना दमा. मे महिन्यात कूलर लावला की ओल्या हवेनं खोकला उसळायचा, बंद केला की जीव घाबरायचा.

"मामाजीले कूलरबिगर उन्हाया काढता आला पायजे, साहेब," एवढंच तिचं मागणं.

मी तिला बांधावरचं वारूळ दाखवलं. वाळवी हवेला वाट ठेवते, म्हणून आत गारवा टिकतो. आपणही तसंच करू, म्हटलं. भिंतींच्या तळाशी भोकं, छपरावर उंच धुराडं. गरम हवा वरून जाईल, गार हवा खालून येईल. "घर नाही, वारूळच समजा!" असं वर तोऱ्यात बोललो. कुठून बुद्धी सुचली, देव जाणे.

ती तसंच समजली. घर पावसाळ्याआधी पुरं झालं. नागपंचमीला गल्लीतल्या बाया जमल्या, भोकांना हळदकुंकू वाहिलं, दूध ठेवलं, लाह्या टाकल्या. लाह्यांमागे उंदीर आले, उंदरांमागे धामण आली. पूजलेल्या भोकातून निघालेला साप मारणार कोण? तो आपला आपण गेला. दुसऱ्याच दिवशी गवंडी आला आणि सगळी भोकं सिमेंटनं बुजवून गेला.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पहिला उन्हाळा कसा चाललाय ते पाहायला मी मे महिन्यात हौसेनं गेलो. दारातच कूलरची घरघर आणि म्हाताऱ्यांचा खोकला, दोन्ही ऐकू आले. बाईनं सगळी हकीकत सांगितली. चिडायचंसुद्धा त्राण नव्हतं.

"साप शिरते ना साहेब. काय करू मंग?" बाई म्हणाली.

खाटेवरून म्हातारे बोलले, "मह्या खाटेखालचं एक भोक खोलून द्या, बाप्पा. साप येईन तवा येईन. खोकला त रोजच येऊन राह्यला."

छिन्नी-हातोडा गाडीतच होता. खाटेखाली शिरलो, घामानं निथळत सिमेंट फोडलं. पलीकडचा उजेड दिसला तशी बाई चुलीपाशी गेली आणि तारेची चाळणी घेऊन आली.

"हे बसवा यात. हवा येईन, साप नाही येणार." जरा थांबून म्हणाली, "पैलेच काहून नाही लावली, साहेब?"

अरे, खरंच की! एवढी वारुळं दाखवत हिंडलो आणि साधी जाळी सुचली नाही. लाज वाटली. "उद्या बाकीची भोकं फोडायला येतो," एवढं कसंबसं बोललो आणि मान खाली घालून चाळणी बसवू लागलो.

वर खाट करकरली. म्हाताऱ्यांनी हात लांबवून कूलर बंद केला.