पाण्याला एक माणूस

आमच्या घरात हैदराबादला जाणं म्हणजे जुनं दुखणं. मधूनच उठायचं, चार दिवस सगळ्यांना बेजार करायचं आणि आपोआप बसायचं. औसा सोडून आम्ही लातूरला आलो ते जिल्हा नवा झाला म्हणून. आमच्या मालकांना, व्यंकटरावांना, नव्या कलेक्टर कचेरीत कारकुनी मिळाली. लोक म्हणाले, सिंधूनं नशीब काढलं, जिल्ह्याच्या गावाला गेली. नशीब कसलं डोंबलाचं. पाट्या नव्या, साहेब नवे, जीपगाड्या नव्या, आणि नळ तेवढे कोरडे. दुष्काळात औशाच्या विहिरीचा तळ निदान डोळ्यांना दिसायचा. इथं नळाच्या तोंडाला कान लावून बसायचं.

पाणी यायचं टँकरनं, आणि टँकरला ना दिवस ना वेळ. गल्लीच्या तोंडाला तो उभा राहिला की रांगेतल्या घागरी भरायच्या. पण नुसत्या घागरीला कुणी विचारत नव्हतं. टँकर आला त्या वक्ताला घागरीमागं माणूस उभं पाहिजे. नसलं तर मागची घागर पुढं. म्हणून गल्लीत घरटी एक माणूस पाण्याला नेमलेलं होतं. आमच्या घरचं ते माणूस म्हणजे माझी सासू, नागुबाई. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात.

मामी अंगानं बारकी, पण काटक. नवरा लवकर गेला, तर दुसऱ्याच्या रानात खुरपून पोराला शिकवलं. लातूरला आल्यावर आता जरा टेकेल म्हणलं, तर हा दुष्काळ. सकाळी भाकरी खाऊन डोक्यावर पोत्याची खोळ घ्यायची आणि गल्लीच्या तोंडाच्या दगडावर जाऊन बसायची. तिच्या भरवशावर बाकीच्या बाया घरची कामं उरकायच्या. कुणाचं लग्न, कुणाचं मयत, "नागुबाई, आमच्या घागरीकडं बघा" म्हणायचं आणि जायचं. शेजारची लक्ष्मम्मा देगलूरकडची, निम्मं तेलुगू बोलायची. ती बाळंत झाली तेव्हा तिचं सगळं पाणी मामीनं भरलं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "ओल्या बाळंतिणीनं उन्हात उभं ऱ्हायचं व्हय?"

घरात मात्र मामीचा धाक. न्हाताना घमेल्यात उभं राहायचं. अंगावरून उतरलेलं पाणी घमेल्यात, त्यात कपडे भिजवायचे, त्यातलंच उरलेलं फरशीला. डोकं धुवायचं असलं तर मामी स्वतः तांब्यानं ओतायची, धार अशी बारीक की शिकेकाई निम्मी केसातच राहायची. माझं डोकं सदा खाजायचं. थेंब सांडला तर मामी बोलायची नाही, नुसती बघायची. ते बघणं शिवीपेक्षा वाईट.

तर हैदराबाद. ते काढायचे आमचे मालक. संध्याकाळी कोरड्या हौदाच्या झाकणावर आम्ही सगळे बसलो की ह्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं; घरात तेवढंच पाणी फुकट होतं. "बिर्याणी अशी, सिंधू, की शीत शिताला लागत न्हाई. वर इराणी चहा, उस्मानिया बिस्कीट बुडवून." पोराला वाघ बघायचा होता, पोरीला सालारजंगातलं वाजणारं घड्याळ. मला लाडबाजारात खड्याच्या बांगड्या. मामी ऐकायची आणि शेंगा फोडायची.

एकदा मी विचारलं, "मामी, तुमाला काय बघायचं?"

"मला काय बघायचं? म्हातारीला." मग शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तुझे मामंजी गवंडीकामाला होते तिथं, निजामाच्या वक्ताला. चारमिनारवर चढलेते. म्हणले, नागू, एकदा तुला वर नेतो. ऱ्हायलं ते."

एवढंच. पण माझ्या मनात ते रुतून बसलं. कारण बेत झाला की शेवटी गाडी एकाच ठिकाणी अडायची. मालक म्हणायचे, "पाण्याला एक माणूस लागतंच की." आणि मामी लगेच म्हणायची, "तुम्ही जावा. मी हाय की." कंधारचा किल्ला बघायला गेलो, मामी घरी. माझ्या भावाचं लगीन झालं, मामी घरी. सगळं जग फिरून आलो तरी मामी आपली दगडावर.

त्या साली मी अडून बसले. म्हणलं, मामी आल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार न्हाई. चारमिनार मामीला दाखवायचाच, बाकीचं गेलं चुलीत. मालक म्हणाले, "आणि पाणी?" मी म्हणलं, "पाण्याचं मी बघते."

पण बघणार काय कपाळ. आधी ह्यांना रजाच मिळेना. कचेरीत टंचाईचं काम. कुठल्या गावाला किती टँकर, ह्याचे कागद आमचे मालक करायचे, आणि घरी येऊन तोंड धुवायला वाटीभर पाणी मागायचे. एकदा रजा मिळाली तर मंत्र्याचा दौरा लागला. एकदा दौरा टळला तर पोरीला गोवर. प्रत्येक वेळी मी पिशवी भरायची आणि परत उपसायची. मला तर हैदराबादचं नाव काढलं की पाठ दुखायची. शेवटी रविवारला जोडून दोन दिवस सुट्टी मिळाली. शनिवारी निघायचं, रविवारी हिंडायचं, सोमवारी सकाळच्या गाडीनं परत.

मी लक्ष्मम्माकडं गेले. सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. ती आमच्या घरी आली, मामीपुढं बसली आणि म्हणाली, "अक्का, माझ्या बाळंतपणाला नीळ्ळु कोण भरलं? तू. आता तुझं नीळ्ळु मी भरते. तू जा गुमान."

"तुला लेकरं हायत गं, लक्ष्मम्मा."

"लेकरं हायत तर काय, त्येनाबी न्हेऊन उभी करते रांगेत."

मग मामीनं शिदोरीत जीव ओतला. धपाटे, शेंगाची चटणी, दशम्या. मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "आई, आपण तिकडं खायाला चाललोय." मामी म्हणाली, "हाव, खा की. पर गाडी मधीच पडली तर?"

निघायच्या दिवशी आम्ही रिक्षात बसतोय आणि गल्लीच्या तोंडाला टँकर. दुसऱ्या वेळी बोंबलून बोलवलं तरी यायचा नाही. मामीचा एक पाय रिक्षात, एक खाली. तिनं खालच्या पायावर भार दिला तो मला दिसला. म्हणलं, गेलं, परत गेलं. तेवढ्यात लक्ष्मम्मा आली, काखेत लेकरू, आणि मोकळ्या हातानं मामीला आत ढकललं. रिक्षा हालली तशी मामी मान मोडेस्तोवर मागं बघत राहिली.

उदगीर, बीदर करत संध्याकाळी हैदराबादला पोचलो. गौळीगुड्याच्या स्टँडाजवळ एक लॉज घेतला. खोलीत दोन खाटा, एक आरसा आणि कोपऱ्यात मोरी. मोरीत नळ. पोरानं सहज पिरगाळला तर धो धो पाणी.

आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो. मालकसुद्धा, पायात वहाणा तशाच. मामीनं पोराला बाजूला केलं आणि बादली लावली. बादली झाली, मग तांब्या, पेले, शिदोरीचे डबे. धपाटे कागदावर काढले आणि डब्यात पाणी भरलं. मला म्हणाली, "शेजारच्या खोलीतली बादली माग." लॉजचा मॅनेजर आला, बघून हसला. म्हणाला, "अम्मा, पानी हमेशा रैता यां. कायकू भर रै?"

मामी वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "आज है बाबा. कल का किसको मालूम."

सकाळी आम्ही तयार झालो. पोरांना पावडर लावली, मी लग्नातलं लुगडं नेसले. मामी मोरीत उकिडवी बसलेली, पुढं कपड्यांचा ढीग. आमचे प्रवासातले कपडे, खाटेवरच्या चादरी, खिडकीचा पडदासुद्धा काढलेला.

"मामी, उठा. चारमिनारला जायचं."

"तुम्ही व्हा पुढं. नळ चालू हाय."

मी म्हणलं, "मामी, एवढ्या लांब तुमाला आणलं ते लॉजचे पडदे धुवाया?"

"चारमिनार काय पळून जातोय व्हय? पाणी जाईल." तिनं चादर पिळली. "दुपारी ये मला न्ह्यायला. येते मी."

मी पाय आपटत निघाले. मालक वाटेत म्हणाले, "जाऊ दे गं, जल्माची सवय." मी त्यांच्यावरच फणकारले. म्हणलं, "तुमची आई हाय. तुमाला कधी वाटलं का, ही बाई दगडावर किती बसली म्हणून?" सालारजंगातलं घड्याळ बघितलं. वाजायच्या आधी केवढी गर्दी, आणि वाजलं तर टण टण एवढंच. पोरगी म्हणाली, "झालं?" बिर्याणी खाल्ली. खोटं कशाला बोलू, चांगली होती. पण पैला घास खाल्ला आणि मामीचा पिळा दिसला डोळ्यांपुढं. प्राणिबाग राहिली, पोरगं वाघासाठी रडून झोपलं.

दुपार कलली तशी मालकांना आणि लेकरांना चारमिनारपाशी सोडलं आणि मी एकटी रिक्षा करून लॉजवर आले. डोक्यात राग, उन्हानं जीव नकोसा. ठरवलं होतं, आता दंडाला धरून न्यायचं.

दार उघडलं. दोऱ्या बांधून सगळे कपडे वाळत घातलेले, खोलीत साबणाचा वास. मामी खाटेवर बसली होती. न्हालेली. केस मोकळे सोडलेले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी मामीचे केस कधी मोकळे बघितले नव्हते. कमरेपर्यंत पांढरेधोट. तोंड असं उजळलेलं की क्षणभर मला ओळखूच आली नाही.

"आलीस? बस इथं," म्हणाली. मोरीकडं बोट.

"मामी, ते लोक चारमिनारखाली थांबलेत. अंधार पडला तर वर सोडत न्हाईत."

"बस म्हणते ना. ते लुगडं काढून ठेव."

का कुणास ठाऊक, मी बसले. भांडायचं बळच उरलं नव्हतं. मामीनं गाठोड्यातून शिकेकाई काढली. घरून निघताना बांधून घेतली होती तिनं. म्हणजे चटणी-धपाट्यांच्या खाली, कुणाला न सांगता. माझे केस सोडले, चोळले, नखं लावून लावून चोळले. मग तांब्या घेतला नाही. बादली उचलली.

डोक्यावरून पाणी आलं ते थांबेचना. कानात, गळ्यात, पाठीवर. मला धाप लागली. डोळे मिटलेले असताना माझे हात आपोआप खाली गेले, घमेलं चाचपायला. घमेलं नव्हतं. डोळे उघडून बघितलं तर फेस, शिकेकाई, सगळं पाणी भोकातून खळखळ वाहून चाललेलं. मी घाबरून मामीकडं बघितलं.

मामीसुद्धा त्याच भोकाकडं बघत होती. मग दुसरी बादली उचलली.

"जाऊ दे," म्हणाली. "आज जाऊ दे."

मला रडू फुटलं. मोठ्यानं रडले मी, लहान पोरीगत. मामीनं समजूत घातली नाही की कारण विचारलं नाही. ती नुसती ओतत राहिली. बाहेर खिडकीतलं ऊन उतरत गेलं. तिकडं माझा नवरा दोन लेकरं घेऊन चारमिनारखाली वाट बघत उभा होता.