पडद्याकडे तोंड करून

लोला गेल्याचा फोन तिच्या नातीनं, टेसनं केला, तेव्हा मी प्रबंधाची बांधून आलेली प्रत न्याहाळत बसले होते. ढसाढसा रडले. आज सहा आठवड्यांनी लिहायला बसलेय, तर रडू नाही, संताप येतोय... गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग काय करावं?

जर्सी सिटीतल्या आमच्या इमारतीत ती वरच्या मजल्यावर राहायची. मूळची मनिलाची. त्यांच्यात आजीला लोला म्हणतात, म्हणून मीही म्हणायची. आपल्या संगीत नाटकासारखी त्यांची सारस्वेला, आणि तिच्यावरून निघालेले सुरुवातीचे मूकपट हा माझा विषय. सिनेमा मुका, पण गाण्यांवाचून प्रेक्षक सोडतायत थोडेच! म्हणून पडद्यामागे उभं राहून कुणीतरी प्रत्यक्ष गायचं. "त्यातल्या एकाची नायिका मीच, मागे गाणारीही मीच," लोला म्हणाली होती. आणि फिल्म? "लढाईत जळाली गं." मला तर घबाडच मिळालं. तीन वर्षं दर रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन वर जायची. आधी ती भात वाढायची, जेवल्याशिवाय गाणं नाही. मग खिडकीशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून, पडद्याला नाक लावून गायची.

"लोला, इकडे बघून गा ना, आवाज दबतोय."

"तू ऐक. बघू नकोस."

ऐंशीची म्हातारी लाजतेय, असं वाटून मला हसू यायचं.

मागच्या आठवड्यात टेसनं लोलाच्या कपाटातला पत्र्याचा डबा आणून दिला. आत फिल्म! चिकटून गठ्ठा झालेली. वरची हातभर सुटली, ती उजेडात धरली. नायिका दिसली, पण चेहरा काही केल्या लोलाचा वाटेना.

"दॅट्स हर कझिन," टेस सहज म्हणाली. "ग्रँडमा ओन्ली सँग बिहाइंड द स्क्रीन. यू डिडन्ट नो?"

नाही बाई, नव्हतं माहीत! माझ्या प्रबंधात नायिका म्हणून तिचंच नाव छापलंय. फिल्मच जळाली म्हटल्यावर ताडून बघणार कशाशी? मी तिच्या शब्दावर विसंबले आणि तिनं केसानं गळा कापला. आता प्रोफेसरांना पत्र लिहून चूक कळवायची, पुढे पदवीचं काय होईल देव जाणे. आणि खरं सांगू, लोला? चेहरा हवा होता कुणाला! मला गाणारीच हवी होती. तीन वर्षांत एकदा तरी सांगायचंस...

प्रोफेसरांचं पत्र सुरूच होईना, म्हणून काल तिची कॅसेट लावली. तिचा तोच आवाज, कापडात अडकून येणारा. शेवटपर्यंत ऐकला. मग पत्राचं पहिलं वाक्य लिहिलं : ती पडद्यामागे उभी राहून गात असे, हे मी दर रविवारी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.