जोतिबाच्या पायरीवर चपला राखताना

लेक पाच महिन्यांची झाली तरी मी तिला उचलून घेत नव्हतो. कुणाच्या ते लक्षात येऊ नये याची चोख व्यवस्थाही मी केली होती. दुपटी धुणं, लसीच्या तारखा, बाटल्या उकळणं, सगळं माझ्याकडे. कामात बुडालेल्या माणसाला कुणी विचारत नाही, की बाळाला का घेत नाहीस.

बाळंतपणाचीही मी डायरीत यादी केली होती. पिशवीत काय, फोन कुणाला, गाडी कुठे लावायची. लेक सुखरूप झाली. सिस्टरनी तिला गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि तेवढ्यात पळापळ सुरू झाली. बायकोचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचं स्ट्रेचर माझ्यासमोरून ऑपरेशनला नेलं, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. मी बाळ घेऊन भिंतीशी उभा. देवाचं नाव घ्यावं, एवढंही सुचलं नाही. आठवड्यानं ती घरी आली, हळूहळू सावरली. पण त्यानंतर बाळ हातात आलं की मला ते स्ट्रेचर दिसायचं, हात थरथरायचे, वाटायचं, आता हे पडणार. जिच्या जिवावर बेतलं ती धीरानं उभी होती. मी कुठल्या तोंडानं सांगणार? आणि जो देव त्या दिवशी आठवलाही नाही, त्याच्याकडे तरी काय म्हणून जाणार?

पण माझ्या आईनं जोतिबाला नवस बोलला होता: दोघी वाचल्या तर बाळाला पायावर घालीन. म्हणून एका सकाळी आम्ही डोंगराकडे निघालो. नेहमीप्रमाणे यादी होतीच. घाटात बायकोनं ती वाचली.

"अहो, बाळापुढं आईंचं नाव, पिशवीपुढं माझं. आणि तुमच्यापुढं नुसत्या चपला?"

"बाहेर कुणीतरी थांबायला हवं ना."

ती हसली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

आई आणि बायको बाळाला घेऊन देवळाकडे पायऱ्या उतरल्या. मी वरच्या पायरीवर तिघांच्या चपला मांडून बसलो. शेजारी गुलालानं माखलेल्या टोपीतले एक म्हातारे दवणा घेऊन बसले होते. बिद्रीकडचे शेतकरी. थोड्या वेळानं म्हणाले, "पावणं, चपला काय पळून जात न्हाईत. जावा की आत. मी हाय."

मी नको म्हणालो. का नको, ते मात्र सांगत सुटलो. बायकोला, आईला, मित्राला न सांगितलेलं सगळं त्या अनोळखी माणसाला सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या थोरल्याच्या येळंला मीबी दारात हुतो. वरीसभर पोराला हात लावला न्हाई. लोक म्हणायचे, लई कडक बाप हाय. कडक कसला, भ्यालतो." माझ्या मांडीवरच्या डायरीकडे बोट करून म्हणाले, "लिवून घ्या. देवाला सांगायचं, बायकोला सांगायचं, आन् डाक्टरला सांगायचं. मी एकालाबी सांगितलं न्हाई."

एवढ्यात बायको बाळाला घेऊन वर आली. "आई म्हणतात, बापानंच घालायचं पायावर. चला." तिनं बाळ पुढं केलं.

माझे हात उचलेनात.

"घ्या," म्हातारे म्हणाले. "थरथरत्यात तर थरथरू देत. तेवढ्यानं पोर पडत न्हाई."

मी घेतलं. एकेक पायरी मोजत उतरलो. गाभाऱ्याशी गुरवांनी हात पुढं केले आणि लेक माझ्याकडून त्यांच्याकडे गेली. ती पायावर होती तेवढा वेळ माझे हात रिकामे होते, आणि मला काहीच करायचं नव्हतं. दवाखान्यात त्या दिवशीही मला काही करायचं नव्हतंच की. मायलेकी तेव्हाही दुसऱ्याच कुणाच्या हातात होत्या. मग कपाळभर गुलाल लावून लेक परत माझ्याकडे आली. हात थरथरतच होते, पण मी तिला सोडलं नाही.

वर आलो तर म्हातारे नव्हते. चपला जोडीनं नीट लावलेल्या, डायरीवर दवण्याची काडी. सगळ्याची नोंद ठेवणारा मी, त्यांचं नाव विचारायला विसरलो होतो.

घाट उतरताना गाडीत बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, मुलगी झाली म्हणून." मला गाडी कडेला घ्यावी लागली. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं राजारामपुरीतल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. बरं व्हायला सहा-सात महिने लागले.

लेक आता तेरा वर्षांची आहे. डोंगरावर जाण्याची यादी हल्ली तीच करते आणि चेष्टेनं माझ्यापुढं 'चपला' लिहिते. मी दर्शन घेऊन येतो आणि खरंच त्या पायरीवर थोडा वेळ बसतो. ते म्हातारे पुन्हा दिसले नाहीत. ते कोण होते, याचा मी शोध घेतला नाही. पाठवणाऱ्याला मनोमन हात जोडतो, तेवढं पुरतं. मात्र एखादा तरुण बाप घरच्यांना आत पाठवून एकटाच बाहेर बसलेला दिसला, की सरकून त्याच्याजवळ जातो आणि म्हणतो, "पावणं, जावा की आत. चपलांपाशी मी हाय."