कदमांच्या घरचा पहारा

लष्कराच्या सिग्नल्स दलातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या मधुसूदन कदमांनी लखनऊच्या वृंदावन योजनेत घर घेतलं, तेव्हा फौजेची शिस्तही सामानाबरोबर तिथे उतरवली. ‘लाइन खराब होती’ ही सबब त्यांनी उभ्या नोकरीत कुणाची ऐकून घेतली नव्हती. लाइन खराब नसते, माणूस ढिला असतो, असं ते म्हणत.

शेजारच्या शुक्लाजींच्या दारावरच्या कॅमेऱ्यातून एक दिवस कुणी परकाच शिव्या देऊ लागला आणि कदमांच्या अंगात वारं शिरलं. मुलगा यश बंगळुरूला जाताना टाकून गेलेला कम्प्युटर त्यांनी माळ्यावरून काढला, जास्तीचं नेटवर्क कार्ड बसवलं. एका कार्डात बाहेरची वायर, दुसऱ्यातून घरातली. आता इंटरनेटवरून जे येईल-जाईल ते या म्हाताऱ्या कम्प्युटरला विचारून. लोक याला फायरवॉल म्हणतात, कदम पहारेकरी म्हणत.

पहाऱ्याचे हुकूमही फौजीच. परवानगी नाही तो बाहेर, आणि त्याला ‘नाही’ असं उत्तरसुद्धा द्यायचं नाही. बँक, बातम्या, विजेचं बिल यांना परवानगी मिळाली. बायकोला काय लागतं ते विचारायचं कदमांना सुचलंही नाही. छावणीत गेटचे हुकूम कुणी घरी विचारून काढत नाही.

मीनाक्षीबाईंना लागायचं एकच: दुपारी कराडहून येणारा आईचा व्हिडिओ कॉल, सिमकार्ड नसलेल्या जुन्या टॅबवर. वाटणीवरून भावाशी, दिनकरशी, बोलणं तुटलं होतं. तो आईसमोर फोन धरायचा, स्वतःचं तोंड दाखवायचा नाही. आई माणसं विसरत चालली होती. रोज दिसणारं तोंड तेवढं ओळखायची.

कॉल थांबले. मीनाक्षीबाईंनी लावून पाहिला, लागेना. दिनकरने हेही तोडलं, असं धरून त्यांनी टॅब कपाटात ठेवला. बायको हल्ली कमी बोलते हे कदमांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते वयावर घातलं.

महिना होत आला तेव्हा कदमांच्या मोबाइलवर दिनकरचा फोन आला.

“दाजी, अक्काला राग असंल तर मला चार शिव्या घालू द्या. आई रोज लुगडं बदलून फोनसमोर बसती. तिकडनं कुणी उचलतच नाय. लाइन खराब हाय का?”

“नाही, लाइन ठीक आहे,” कदम सवयीने म्हणाले, आणि त्यांची नजर पहारेकऱ्याकडे गेली.

त्यांनी हुकूम बदलला. मग स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, “दिनकरने नाही तोडलं. मी बंद केलं होतं. तुला विचारलं नाही.”

“अच्छा,” एवढंच म्हणून मीनाक्षीबाईंनी हात पुसले.

कॉल लागला. आईने बराच वेळ बघितलं. “कोण बाई तुमी?”

“आई, मी मीना. तुझी मीना गं.”

म्हातारी पुन्हा बघत राहिली. “मीना व्हय? मग इतकं दिस कुठं हुतीस? कुणी अडवलं का तुला?”

मीनाक्षीबाईंनी दाराकडे पाहिलं. तिथे कदम उभे होते.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “लाइन खराब होती.”

कदमांनी ऐकून घेतलं.