‘दिसलं’ म्हणणाऱ्यांची रांग

मोठ्या दुर्बिणीला तीनशे पटांचा आयपीस लावून गावच्या रांगेला गुरू दाखवणं ही फसवणूक आहे. मंडळाच्या बैठकीत मी हे याच शब्दांत म्हणाले होते, तेव्हा अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला होता. मी शब्द आजही बदलणार नाही.

आमचं मंडळ विज्ञानप्रसाराचं. पत्रकं छापायची, आठवडी बाजारात वाटायची, अंगात येणं, भानामती, राखेत देवाचा चेहरा दाखवणारे बाबा यांच्याविरुद्ध चौकात उभं राहून बोलायचं. मी लिहायला शिकले तेच मुळी या पत्रकांवर. ‘पाहिल्याशिवाय मानू नका’ ही ओळ इतक्या वेळा लिहिली की आता हात आपोआप लिहितो. मग मंडळाला बारा इंची आरशाची दुर्बीण मिळाली. माणसाएवढी उंच नळी, लाखनीच्या सुतारानं केलेल्या प्लायवूडच्या पाळण्यात बसवलेली. मोटर नाही. तारा सरकला की हातानं ढकलायची.

आणि तारा सरकतोच, पृथ्वी फिरते म्हणून. आयपीस, म्हणजे डोळा लावायची काच, जेवढ्या जास्त पटांची तेवढा आभाळाचा तुकडा लहान आणि तेवढा तारा लवकर पळतो. आमच्याकडे होता तो तीनशे पटांचा. मधोमध आणलेला गुरू वीसेक सेकंदांत काठाबाहेर. तणसाच्या पोकळ काडीला डोळा लावून धानाची अख्खी बांधी बघायला सांगावं, तसा प्रकार.

पहिला कार्यक्रम एकोडीला झाला, माझ्या वडिलांच्या गावी, शाळेच्या पटांगणात. धान कापून झालं होतं, लोक मोकळे होते, रांग फाटकापर्यंत गेलेली. अध्यक्ष माइकवर होते. निवृत्त विज्ञान शिक्षक, त्यामुळे माइक त्यांच्याकडेच असतो. “तीनशे पट! गुरू ग्रह तीनशे पट मोठा!” मी नळीपाशी उभी. वाकायचं, डोळा लावायचा, मी विचारायचं, “दिसला का?” आणि प्रत्येकजण म्हणायचा, “हो, दिसला.” मोठी आईही म्हणाली. ती माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, साठीच्या पुढची, जाड चष्म्याची, सगळ्या गावात भांडायला पहिली.

सकाळी ती चुलीपाशी बसली होती. मी सहज विचारलं, “मोठी आई, कसा वाटला गुरू?”

“चांगला होता.”

“चांगला म्हणजे कसा?”

तिनं लाकूड आत सारलं. “काळा होता वो बाई. कायीच नव्हतं तिथं.”

“मंग काहून म्हटलं दिसला म्हणून?”

“मायामागं एवढी रांग. तू तिथं उभी. नाई म्हटलं असतं त लोक तुले हासले असते का मले?” मग लगेच, जणू सुपातले खडे निवडत असल्यासारखी, “त्या बाबाच्या राखेतबी असंच होतं. सारे म्हणत होते दिसला, मीबी म्हटलं दिसला.”

त्या बाबाविरुद्धचं पत्रक मी लिहिलं होतं. माझ्याच घरची बाई आमच्या दुर्बिणीला आणि त्याच्या राखेला एकाच टोपलीत टाकत होती, आणि तिचं काहीही चुकत नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. किती लोकांनी त्या रात्री काळोख पाहिला आणि ‘दिसला’ म्हणून घरी गेले? त्यांना काय वाटलं असेल? आपल्यालाच दिसत नाही, आपण अडाणी! लोकांना असं वाटायला लावण्यासाठी आमची काय गरज? ते काम करणारे आधीच पुष्कळ आहेत.

नंतर एका देणगीदारानं नवीन आयपीस घेऊन द्यायचं कबूल केलं. एकच. बैठक लाखनीला, कोषाध्यक्षांच्या औषधांच्या दुकानाच्या गच्चीवर. खाली हायवे, ट्रकचे हॉर्न. अध्यक्षांना पाचशे पटांचा हवा होता.

“बेटा, लोक पहिला प्रश्न काय विचारतात? किती पट. पन्नास सांगशील तर हसतील. बाजारातल्या खेळण्यावर पाचशे लिहिलेलं असते.”

“मंग मंडपात खेळणंच ठेवा सर.”

“तू प्रत्येक गोष्टीचा मोर्चा काहून करतेस?”

उत्तर द्यायच्या ऐवजी मी दुर्बीण लावली. तीच, तीनशे पटांवर. गुरू मधोमध आणला आणि चहा घेतला. चांगला सावकाश घेतला. मग म्हणाले, “सर, या. पाहा.”

मला वाटलं होतं ते म्हणतील, कुठे आहे गं? ते वाकले. “वा! पट्टे पाहा, काय स्पष्ट दिसून राहिले!”

कोषाध्यक्ष सरळ माणूस, गोळी नसली तर नाही म्हणणारा. त्यानं डोळा लावला आणि म्हणाला, “सर, इथं त अंधार आहे.”

“आत्ताच सरकला असेल,” अध्यक्ष म्हणाले.

“तुम्ही वाकायच्या आधीच गेला होता,” मी म्हणाले. माझी लाहीलाही होत होती. आयुष्यभर वर्गात ‘निरीक्षण नोंदवा’ सांगणारा माणूस! त्यालाही रांगेतल्यासारखं ‘दिसलं’ म्हणावंसं वाटलं, तर मोठी आईचा काय दोष?

कमी पटांचा, आभाळाचा मोठा तुकडा दाखवणारा आयपीस घ्यायचं ठरलं. अध्यक्षांनी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही, कानाशी नेला.

दुकानदार फोनवर म्हणाला, मग सगळ्यात कमी पटांचाच घ्या, चाळीस मिलिमीटर. आयपीसचे मिलिमीटर जेवढे जास्त तेवढे पट कमी. हेही आंधळेपणानं ऐकून चालत नाही. आमच्या दुर्बिणीत चाळीसच्या आयपीसमधून बाहेर येणारा प्रकाशाचा झोत आठ मिलिमीटर रुंद होतो. अंधारात तरण्या माणसाची बाहुली सातपर्यंत उघडते, मोठी आईच्या वयाला जेमतेम पाच. उरलेला प्रकाश बुबुळावर सांडून वाया. म्हणजे एवढा मोठा आरसा घ्यायचा आणि म्हाताऱ्या माणसासाठी तो लहान करून टाकायचा. दुसरीकडे फार कमी मिलिमीटरचा, म्हणजे जास्त पटांचा घेतला तर कृत्तिकांचा झुबका एका नजरेत मावत नाही. शेवटी पंचवीसचा घेतला. साठ पट. तारा अगदी काठापासून काठापर्यंत जायला चार-पाच मिनिटं घेतो. मी आणखी एक अट घातली: चष्मा न काढता बघता आलं पाहिजे. दुकानदार म्हणाला, “मॅडम, चष्मा तर सगळेच काढतात.” काढतात, आणि मग चष्म्याशिवाय रांगेतून परत जाताना ठेचकाळतात.

पुढच्या हिवाळ्यात परत एकोडी. तेच पटांगण, अंधार पडल्या पडल्या. दुर्बीण कृत्तिकांवर. या वेळी ‘दिसलं का’ विचारायचं नाही, ‘काय दिसलं’ विचारायचं, हे मी स्वतःलाच बजावलं होतं. तरी लोकांची सवय जाते का? पहिले पाच-सहा ‘लई सुंदर’ म्हणून निघूनही गेले. मग मोठी आई आली. शाल नाकावरून गुंडाळलेली. डोळा लावला, बराच वेळ लावला.

“कायीच नाई दिसत.”

मागे हशा झाला. अध्यक्ष माइकवरून म्हणाले, “आजीबाई, नीट पाहा, दिसते.”

“नाई दिसत म्हंजे नाई दिसत! मांगल्या वर्षी म्हटलं दिसला, आता नाई म्हणत. तुमीच पाहा गुरुजी.”

रांगेसमोर नाही कसं म्हणणार? ते माइक ठेवून आले, वाकले. मी त्यांच्याकडे बघत होते. ते पुन्हा ‘वा’ म्हणाले असते तर मी त्याच क्षणी मंडळ सोडलं असतं.

ते वाकलेलेच राहिले. मग हळू म्हणाले, “हो. मलाही नाही दिसत. सगळं धुरकट आहे.”

मोठी आईच्या शालीतून वर गेलेल्या श्वासानं काचेवर वाफ धरली होती. एवढंच. वाफ आपोआप उडेपर्यंत सगळ्यांना थांबवलं. मोठी आईनं शाल हनुवटीखाली ओढली, चष्म्यासकट डोळा लावला.

“काय दिसलं?” मी विचारलं.

“अवो, आमाले त साहाच ठाऊक. ह्या त सांडल्या हाय निरा!” आणि बाजूला व्हायचं नाव नाही. मागून कुणी तरी म्हणालं, “बुढे, सरक ना आता!” ती म्हणाली, “मोजून राहिली मी, थांब.”

तिच्यानंतरचा माणूस वाकला आणि म्हणाला, “मलेबी नाई दिसून राहिलं, जरा फिरवा हे.” त्याच्यानंतरची पोरगीही तेच. प्रत्येकासाठी नळी ढकल, काच नीट कर, थांब. अध्यक्ष दोनदा घड्याळ दाखवून गेले. सरपंचांकडे जेवण थंड होत होतं. “बेटा, रांग सरकव जरा.”

मी सरकवली नाही.